डिपर मारला की दोन्ही लाइट गुल : जुन्या ८०० चा कॉम्बिनेशन स्विच खोलावा की बदलावा?

गिरणाकाठ

राम राम मंडळी. घरी वडिलांची १९९७ ची मारुती ८०० आहे, एमएच १९ पासिंग. इंजिन ठणठणीत, बॉडीला थोडा गंज, बाकी काही तक्रार नाही. दिवाळीपासून मात्र नवीनच दुखणं सुरू झालंय.

रात्री अप्परवर चाललो असताना समोरून गाडी आली म्हणून डिपर केलं की दोन्ही हेडलाइट एकदम जातात. दांडी (म्हणजे स्टिअरिंगजवळचा हाच कॉम्बिनेशन स्विच) परत अप्परला नेली की येतात. कधी कधी दांडी बोटाने जरा वर दाबून धरली तर लोअर टिकतो, सोडली की गेला. पार्किंग, इंडिकेटर, वायपर, हॉर्न सगळं नीट चालतं. बराच वेळ लाइट लावून चालवलं की स्टिअरिंगखालचं कव्हर गरम लागतं आणि जळकट वास येतो.

आमचं रात्रीचं येणंजाणं भडगाव-एरंडोल-जळगाव. सध्या कापसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर, मागे ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. अशा वेळी दोन सेकंद अंधार झाला तरी जीव वर येतो.

गावातला वायरमन म्हणतो, "लोअर डायरेक्ट करून देतो, डॅशबोर्डला एक बटण मारू." स्पेअरवाला म्हणतो स्विचच बदला, पण त्याच्याकडचा लोकल माल हातात घेतला तर खेळण्यातला वाटतो. मला वाटतं आपणच खोलून साफ करून बघावा. कुणी केलंय का? आणि मुळात खोलण्यात अर्थ आहे का?

भरीतप्रेमी

अप्परवरच चालवा. समोरचा शिव्या द्यायला थांबेलच, त्यालाच टोचन करून न्यायला सांगा.

सातपुडा_स्वारी

खोलू नका. आतमध्ये बारीक स्प्रिंग आणि छर्रे असतात. एक जरी उडाला तर स्विच कायमचा गेला. जळगावला जुन्या गाड्यांच्या भंगारवाल्यांकडे फिरा, एखाद्या अपघातातल्या गाडीचा ओरिजिनल निघालेला स्विच मिळेल. नवीन लोकलपेक्षा जुना ओरिजिनल केव्हाही बरा. तीन स्क्रू, दोन कपलर (वायरी जोडायचे प्लास्टिकचे सॉकेट), विषय संपला.

मीटरवाला

सातपुडा, बदलायचं नंतर बघू. आधी दोष स्विचमध्येच आहे का ते तरी ठरवू या.

गिरणाकाठ, दोन्ही बाजूंचा लोअर एकाच वेळी जातो, म्हणजे बल्ब किंवा होल्डर असण्याची शक्यता कमी. दोन बल्बची फिलामेंट एकाच क्षणी जात नाही आणि पुन्हा जोडलीही जात नाही. दोष दोघांच्या सामायिक वाटेवर आहे : स्विच, त्याच्या मागचा कपलर, किंवा त्या लाइनचा फ्यूज. अप्पर लागतो म्हणजे अर्थिंग बहुधा ठीक. दांडी दाबून धरली की टिकतो, म्हणजे संशय स्विचवर किंवा कपलरवर.

आता मीटरने बघा. इथे बरेच जण फसतात. होल्डरमधून बल्ब काढून मीटर लावला तर तो १२ व्होल्ट दाखवेल आणि वाटेल सगळं बरोबर आहे. कारण तेव्हा प्रवाहच वाहत नाही, स्विचमधल्या खराब पॉइंटमधूनही (जिथे पत्त्या एकमेकींना टेकतात) व्होल्टेज पोचतं. बल्ब लावलेला आणि लाइट चालू असतानाच मोजायचं. मीटरची लाल पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हला, काळी होल्डरच्या मागून लोअरच्या पिनला. आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत पाहिजे. एक-दोन व्होल्ट दिसले तर तेवढं व्होल्टेज वाटेत कुठेतरी खाल्लं जातंय, आणि जिथे खाल्लं जातंय तिथेच उष्णता होतेय. मग एकेक जोड मागे जात तपासा. तसंच निगेटिव्ह बाजूलाही.

एक सांगायचं राहिलं. काही जपानी वळणाच्या गाड्यांत बल्बला पॉझिटिव्ह कायम असतो आणि स्विच अर्थच्या बाजूला असतो. तसं असेल तर आकडे उलटे दिसतील, घाबरू नका.

काळीमाती

भाऊ, तू आते दिनमाच गाडी चालाव. रातले घर बठ, शेवभाजी खा.

गिरणाकाठ

काळीमाती, लग्नसराई तोंडावर आहे, रातले घर बसू देतं कोण!

मीटरवाला, खूप धन्यवाद. मीटर आहे, पण आतापर्यंत फक्त सेल बघायला वापरला. रविवारी करतो. आणि एक, बल्ब वडिलांनी कधीतरी जास्त उजेडाचे टाकलेत. काढून बघितले तर त्यावर १००/९० लिहिलंय. याचा काही संबंध?

लोकोकाका

हाच तर संबंध आहे!

मी भुसावळच्या इलेक्ट्रिक लोको शेडमधून निवृत्त. आयुष्य कॉन्टॅक्ट घासण्यात आणि न घासण्यात गेलं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. कंटाळा आला तर सोडून द्या.

नेहमीचा एच-४ बल्ब ६०/५५ वॅटचा, म्हणजे अप्पर ६०, लोअर ५५. १२ व्होल्टला ५५ वॅट म्हणजे साडेचार अँपियरच्या वर. दोन बल्बचे मिळून नऊ-साडेनऊ. तुमचे ९० वॅटचे दोन म्हणजे १५ अँपियर. इंजिन चालू असताना अल्टरनेटर १४ च्या आसपास व्होल्टेज देतो, तेव्हा आणखी थोडे जास्त. हा सगळा प्रवाह तुमच्या बोटाखालच्या दांडीतल्या दोन बारीक पत्त्यांमधून जातो, कारण त्या काळच्या बऱ्याच लहान गाड्यांत हेडलाइटला रिले (छोट्या प्रवाहावर मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) नव्हताच.

आता हिशोब करा. पॉइंटवर कार्बन चढला आणि रेझिस्टन्स फक्त ०.१ ओहम झाला, तर १० अँपियरला एक व्होल्ट पडतो आणि १० वॅट उष्णता त्या काडेपेटीएवढ्या जागेत तयार होते. १५ अँपियरला ती साडेबावीस वॅट होते. प्रवाह दीडपट, पण उष्णता सव्वादोनपट, कारण ती प्रवाहाच्या वर्गाने वाढते. उष्णतेने स्प्रिंग नरम पडते, दाब कमी होतो, दाब कमी की रेझिस्टन्स आणखी वाढतो. वास येतोय तो याचाच.

भरीस भर म्हणजे थंड फिलामेंट. बल्ब लागतो त्या क्षणी फिलामेंट थंड असतं आणि चालू प्रवाहाच्या कितीतरी पट, दहापटीपर्यंत, झटका ओढतं. तुम्ही डिपर मारता तेव्हा दर वेळी तो झटका लोअरच्या पॉइंटवर बसतो. समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला एक झटका. 

आणि एवढं करून उजेड मिळतो का? फिलामेंटच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या साधारण साडेतीन घाताने बदलतो. १२ ऐवजी साडेदहा व्होल्ट पोचले तर उजेड तिसऱ्या हिश्श्याने कमी. वडिलांना उजेड कमी वाटला म्हणून त्यांनी मोठे बल्ब टाकले असतील. मोठ्या बल्बने स्विच आणखी तापला, उजेड पुन्हा घटला.

माझं मत : स्विच खोला, साफ करा, बल्ब ६०/५५ वर आणा आणि रिले बसवा. रिले न बसवता नुसता साफ केला तर वर्षा-दोन वर्षांत पुन्हा इथेच धागा काढाल. नवीन स्विच आणला तरी तेच.

भरीतप्रेमी

काका, दहावीला फिजिक्स तुम्ही शिकवायला हवं होतं. मी आज केळीच्या वखारीऐवजी इस्रोत असतो.

सातपुडा_स्वारी

लोकोकाका, मान्य. पण कॉन्टॅक्ट साफ करणं सगळ्यांना जमत नाही. माझ्या ओळखीच्या एका मेकॅनिकने पॉलिश पेपरने घासघासून असा चकचकीत केला होता की आरसा. सहा महिन्यांत पहिल्यापेक्षा वाईट.

लोकोकाका

अहो, घासला म्हणूनच. बऱ्याच स्विचच्या पॉइंटवर चांदीचा मुलामा किंवा चांदीची टिकली असते. चांदीवर काळपटपणा आला तरी प्रवाहाला तो फारसा आडवा येत नाही. खाली तांबं असतं, तांब्यावरचा काळेपणा मात्र आडवा येतो. पॉलिश पेपर मारला की चांदी गेली, तांबं उघडं पडलं. शेडमध्ये नवीन पोरगा चांदीच्या टिपला कानस लावताना दिसला की आम्ही आधी हातातली कानस काढून घ्यायचो, मग बोलायचो.

आधी कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल. सुती कापड, टूथब्रश. त्याने निघत नसेल तर पेन्सिलचा खोडरबर. फुगवटा किंवा खड्डा असेल तरच अगदी शून्य नंबरचा कागद, तोही दोन-चार हात. पेट्रोलने धुऊ नका, प्लास्टिक खराब होतं आणि वाफ आत राहिली तर पहिल्याच ठिणगीला भडका.

ग्रीस लावायचंच तर घासत सरकणाऱ्या भागावर नखाएवढं. ठिणगी पडते त्या पॉइंटवर सिलिकॉनचं ग्रीस अजिबात नको. ठिणगीच्या उष्णतेने त्याची सिलिका बनते, म्हणजे पॉइंटवर वाळूच. वीज जाईल कशी?

शिरपूरची_ताई

मी शाळेत शिक्षिका, आमची ओम्नी आहे. शिरपूर ते शहादा जाणं नेहमीचं. आमच्याकडेही अगदी हेच झालं होतं. वायरमनने "डायरेक्ट" करून दिलं. डॅशबोर्डखाली एक बटण, लोअर त्यावर. दिसायला सोयीचं. पण समोरून ट्रक आला की आधी दांडी, मग खाली वाकून बटण. हात स्टिअरिंगवर की बटणावर? शिवाय बटणाला फ्यूज नव्हता. एकदा पावसात सीटखाली पाणी आलं, वायर कुठेतरी घासली गेली आणि धूर. नशिबाने यजमानांनी बॅटरीची केबल उपटली.

गिरणाकाठ, तुमचा वायरमन चांगला माणूस असेल, पण डायरेक्ट करू देऊ नका. चैत्रात तर नाहीच. आमच्या इकडून सप्तशृंगीला पायी जाणारे किती लोक असतात तुम्हाला माहीतच आहे. ऊन टाळायला रात्रीच चालतात, रस्त्याच्या कडेकडेने, झेंडे घेऊन. डिपर केल्यावर अंधार झाला तर काय होईल, विचारही करवत नाही.

काळीमाती

ताई, १०० टक्के बरोबर. मना गावना लोके दरवर्षी जातस गडवर.

नंदुरबारी_मिरची

इतका खटाटोप कशाला? सरळ एलईडी बल्ब टाका. २०-२५ वॅट, म्हणजे दोन्ही मिळून चार अँपियर. स्विच थंड, उजेड पांढराशुभ्र. माझ्या गाडीला टाकलेत, रस्ता दिवसासारखा दिसतो.

मीटरवाला

तुम्हाला दिवसासारखा दिसतो, समोरच्याला काय दिसतं ते विचारलंत का कधी? हेडलाइटचा रिफ्लेक्टर आणि काच ही हॅलोजनच्या फिलामेंटची जागा धरून बनवलेली असते. लोअरच्या फिलामेंटखाली छोटी पत्र्याची वाटी असते, ती उजेड वर जाऊ देत नाही. एलईडीच्या चिपची जागा आणि आकार वेगळा. लोअर केलं तरी उजेड वर फेकला जातो. धुळ्याकडून येताना लळिंगला समोरून असे दोन आले की मी सरळ वेग कमी करून कडेची पांढरी रेघ बघत चालतो.

नंदुरबारी_मिरची

माझे चांगल्या प्रतीचे आहेत. सगळ्यांना एका मापात तोलू नका.

मीटरवाला

भिंतीसमोर आठ-दहा मीटरवर गाडी लावा, लोअर करा. वर अंधार, खाली उजेड अशी स्वच्छ आडवी रेघ दिसते का? दिसली तर मी शब्द मागे घेतो.

नंदुरबारी_मिरची

बघतो.

जीपवाले_आबा

तुम्ही पोरं दांडी-दांडी करता. आमच्या जुन्या महिंद्रा जीपला डिपर पायाखाली होता. क्लचच्या डाव्या बाजूला फ्लोअरवर लोखंडी बटण. एकदा दाबलं अप्पर, पुन्हा दाबलं लोअर. हात दोन्ही स्टिअरिंगवर! जुन्या अॅम्बेसेडरलाही तसंच असायचं.

त्रास एकच. पायाचा सगळा चिखल त्यात. आमची काळी माती, पावसाळ्यात चपलेला दोन किलो चिकटायची, ती सुकून स्विचच्या आत. बटण दाबलं की वर यायचंच नाही. मग डिझेलमध्ये बुडवून ठेवायचं, बाहेरून कापडाने पुसायचं, चालू. सातपुड्यात तोरणमाळच्या घाटात आम्ही या एका बटणावर निम्मं आयुष्य काढलं. आतली पत्ती बोटाएवढी जाड, वितळायचं नाव नाही. आताचं सगळं कागदासारखं.

भरीतप्रेमी

आबा, ती जीप अजून आहे का? असेल तर धाग्यापेक्षा तिचा फोटो टाका.

जीपवाले_आबा

विकली. तो विषय काढू नका.

पांझरा

मूळ प्रश्नाकडे : मी असाच स्विच खोललाय, गाडी वेगळी पण रचना तीच. काही व्यवहारातल्या गोष्टी, ज्या कुणी सांगत नाही.

सगळ्यात आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढा. स्टिअरिंग काढावं लागलं तर चाकं सरळ ठेवून शाफ्ट आणि स्टिअरिंगवर मार्करने एक रेघ मारा. नाहीतर बसवताना एक दात इकडेतिकडे होतो आणि सरळ रस्त्यावर स्टिअरिंग वाकडं दिसत राहतं. नट पूर्ण काढू नका, दोन-तीन आटे राहू द्या आणि मग स्टिअरिंग हलवून ओढा. नाहीतर सुटल्यावर थेट नाकावर. कुणी नवीन गाडीवर हा प्रयोग करणार असेल तर त्यांनी आधी बघा, स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असेल तर हात लावू नका, ते शोरूमचं काम.

प्लास्टिकचे खटके जुने झालेत. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे, बंद गाडीत तर विचारू नका. इतकी वर्षं असं तापलेलं प्लास्टिक पापडासारखं तुटतं. स्क्रूड्रायव्हरने जोर लावू नका, चपट्या प्लास्टिकच्या पट्टीने हळूहळू.

छर्रा-स्प्रिंगचा प्रश्न सातपुडा_स्वारी यांनी काढला, तो खरा आहे. उपाय सोपा : मोठ्या परातीत जुना टॉवेल अंथरा आणि स्विच उघडताना हात पारदर्शक पिशवीत ठेवा. उडाला तरी पिशवीत राहतो. प्रत्येक पायरीला मोबाईलने फोटो. आणि परात घरच्यांना विचारून घ्या, मी कळण्याची भाकरी थापायची परात घेतली होती, त्या रात्री भाकरी मिळाली नाही.

सातपुडा_स्वारी

पिशवीची युक्ती आवडली. तरी मी भंगार बाजारच म्हणेन.

लोकोकाका

सातपुडाभाऊ, तुमचंही चूक नाही. स्विचची बॉडी उष्णतेने वाकली असेल, पत्तीची सीट वितळली असेल, तर साफ करून उपयोग नाही, तेव्हा तुमचा उपाय. बॉडी शाबूत असेल तर साफ करा. पण दोन्हीत रिले आहेच.

गुळवेल

१९९७ ची गाडी, पुनर्नोंदणी, त्यावर ग्रीन टॅक्स. विकून टाका हो. एवढ्या वेळात नवीन गाडीचा हप्ता सुटेल.

गिरणाकाठ

गुळवेल, गाडी वडिलांची आहे. त्यांना तुम्हीच येऊन सांगा, चहा मी पाजतो.

आता अहवाल. मीटरवाला यांच्या पद्धतीने मोजलं. लाइट चालू, लोअर, बॅटरी पॉझिटिव्ह ते होल्डर : २.१ व्होल्ट. अप्परला ०.९. अर्थच्या बाजूला ०.१. म्हणजे अर्थिंग ठीक, वाटेतच खाल्लं जातंय.

मग एकेक जोड मागे गेलो आणि इथे गंमत झाली. स्विचच्या आतल्या पॉइंटवर अर्ध्या व्होल्टपेक्षा थोडं जास्त पडत होतं, पण दीड व्होल्ट स्विचच्या मागच्या कपलरमध्ये. कपलर ओढून काढला तर लोअरच्या वायरची पिन काळी ठिक्कर, तिच्याभोवतीचं पांढरं प्लास्टिक तपकिरी, आणि पिनच्या मागची दोन-तीन इंच वायर इतकी कडक झालेली की वाकवली की वरचं आवरण तडकलं. दांडी वर दाबली की लोअर का टिकायचा तेही कळलं. दांडी दाबली की पूर्ण स्विच किंचित हलायचा आणि कपलरची सैल पिन टेकायची.

स्विचही खोलला, पांझरा यांच्या पिशवीत. एक छर्रा उडाला, पिशवीतच सापडला. लोअरच्या पॉइंटला खड्डा होता, बॉडी वाकलेली नव्हती. खोडरबर आणि अल्कोहोलवर भागलं.

सातपुडा_स्वारी

बघा! म्हणजे मी सांगितलं तसं स्विच बदलला असता तरी जुन्या कपलरमुळे लाइट गेलीच असती. भंगारातून स्विच घेणाऱ्यांनी त्याच भंगारातल्या गाडीचा कपलर एक वीत वायरीसकट कापून आणावा, हे जोडतो.

मीटरवाला

म्हणून मोजायचं. स्विचचं नाव सगळे घेतात, कपलरचं कुणी नाही. आता ती पिन नुसती पक्कडने दाबून घट्ट करू नका. तापून तिच्यातला ताण गेलाय, पुन्हा ढिली होईल. नवीन पिन, आणि वायरचा कडक झालेला भाग मागपर्यंत कापून टाका. आत तांबं काळं दिसत असेल तर आणखी कापा, लाल चकचकीत लागेपर्यंत.

गिरणाकाठ

तेच केलं. सातपुडा_स्वारी यांचाही सल्ला वाया नाही गेला. भंगारवाल्याकडे स्विच नव्हता, पण एका गाडीचा कपलर वायरीसकट मिळाला. त्यातल्या पिना चांगल्या होत्या. बल्ब ६०/५५. आता लोअरचा आकडा ०.४. उजेड आधीच्या १००/९० पेक्षा जास्त वाटतो, हे वडिलांना पटत नाहीये. ते म्हणतात मी बल्ब महागाचे आणले.

आता रिले. लोकोकाका, जरा वायरिंग सांगाल का? वायरमनला विचारलं तर म्हणाला हॉर्नला लावतात तसा एक लावू.

लोकोकाका

एक नाही, दोन. लोअरला एक, अप्परला एक. चार पायांचा साधा १२ व्होल्टचा, ३० अँपियरचा रिले. पायांवर आकडे असतात : ३०, ८७, ८५, ८६. ३० ला बॅटरीकडून येणारा प्रवाह, ८७ वरून बल्बला. ८५ आणि ८६ ही कॉइल, ती चालवायला पाव अँपियरही लागत नाही. तुमच्या दांडीतून आता तेवढाच जाईल.

मीटरवाला यांनी आधी म्हटलं की काही गाड्यांत स्विच अर्थच्या बाजूला असतो. त्यावर सोपी तोड आहे, आपली गाडी कुठल्या पद्धतीची ते शोधत बसायची गरज नाही. बल्बचा जुना होल्डर काढा, त्यात तीन पिना : सामायिक, लोअर, अप्पर. लोअरच्या रिलेची कॉइल सामायिक आणि लोअर यांच्यामध्ये, अप्परची सामायिक आणि अप्पर यांच्यामध्ये. पॉझिटिव्ह कुठल्याही बाजूला असो, कॉइलला फरक पडत नाही. फक्त आत डायोड असलेला रिले घेऊ नका, त्याला पडतो. एकाच बाजूचा जुना होल्डर वापरायचा, दुसऱ्या बाजूचा टेप लावून बांधून ठेवा. गाडीची मूळ वायर कुठेही कापायची नाही, उद्या वाटलं तर सगळं काढून पूर्ववत.

नवीन होल्डर दोन घ्या, चिनी मातीचे मिळतात, उष्णतेला चांगले. बॅटरी ते रिले आणि रिले ते होल्डर अडीच चौरस मिलिमीटरची वायर, गाडीसाठीची. घरच्या वायरिंगची वायर इंजिनजवळच्या तेला-उष्णतेत टिकत नाही. फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभराच्या आत. लोअर-अप्परला स्वतंत्र, प्रत्येकी १५ अँपियर. एकच ठेवला आणि तो उडाला तर दोन्ही जातील, मग पुन्हा कापसाच्या ट्रॉलीमागे अंधार. बल्बचा अर्थ बॉडीला जिथे जोडाल तिथला रंग खरवडा. लग (वायरच्या टोकाची धातूची पिन) पक्के क्रिंप करा, म्हणजे दाबून बसवा, नुसती वायर पिळून टेप मारू नका.

शिरपूरची_ताई

काका, हे आमच्या ओम्नीलाही चालेल का? बल्ब एच-४ चेच आहेत.

लोकोकाका

चालेल, ताई. आधी ते डॅशबोर्डखालचं बटण आणि त्याची वायर मुळापासून काढून टाका.

नंदुरबारी_मिरची

भिंतीवर बघितलं. रेघ दिसत नाही, सगळीकडे उजेड. हॅलोजन परत लावले. मीटरवाला, तुम्ही जिंकलात, पण उजेड खरंच दिवसासारखा होता हो.

मीटरवाला

समोरच्यांच्या वतीने आभार.

गिरणाकाठ

बसवले. मी आणि वायरमन दोघांनी मिळून. तो आधी नाखूश होता, पण जुन्या होल्डरवरून कॉइल घ्यायची युक्ती त्याला इतकी आवडली की आता दुसऱ्या गिऱ्हाइकांना सांगतोय. रिले, होल्डर, वायर, फ्यूज, लग मिळून हजाराच्या आत. होल्डरवरचा फरक आता ०.२. रात्री पाचोऱ्याला जाऊन आलो, डिपर मारला की रिलेचा टक् आवाज येतो, स्टिअरिंगखालचं कव्हर गार. वडिलांना अजूनही बल्बच महागाचे वाटतात.

रिले बॅटरीशेजारी बॉडीच्या पत्र्याला लावलेत, पाय वरच्या बाजूला, म्हणजे वायरी जोडायला सोपं गेलं.

पांझरा

उलटे करा. पाय खाली पाहिजेत. वर ठेवले तर पहिल्याच पावसात पाणी वायरीवरून ओघळून सरळ रिलेत. वायरीलाही खाली एक वळसा द्या, पाणी तिथेच गळून पडेल.

गिरणाकाठ

अरे हो. स्क्रू एकच आहे, सकाळी फिरवतो.

भरीतप्रेमी

गिरणाकाठ, तो कपलरवाला भंगारवाला नक्की कुठे? आमच्या मामांच्या पद्मिनीचा वायपर डिपर मारला की चालू होतो.

मीटरवाला

त्यासाठी वेगळा धागा काढा. मीटर घेऊन या.